पेन्शन बंद करू नका, पण उधारीवर पण वाटू नका

प्रश्न दोन तुकड्यांत आलाय. पहिला असा की सरकारी पेन्शन हा प्रकार टप्प्याटप्प्याने बंदच का करून टाकत नाही, प्रायव्हेटवाल्यांच्या टॅक्समधून ह्यांची म्हातारपणं का पोसायची, ज्याने त्याने आपली एसआयपी करावी आणि गप बसावं. आणि त्याला जोडून पुरवणी प्रश्न, की विचारणाऱ्याची सख्खी बहीण आत्ताच केंद्र सरकारच्या ऑफिसात लागलीय, तर तिने एनपीएस (पगारातून कापून बाजारात गुंतवलेल्या पैशांची पेन्शन) घ्यावं की यूपीएस (ठरावीक हमी असलेली नवी पेन्शन)? हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाचे आहेत ह्याची मजा वाटली, पण असो, घरोघरी असंच आहे.

आधी माझं सांगून टाकतो. मी राज्याच्या वित्त व लेखा सेवेत होतो, सुरुवातीला जिल्हा परिषदेत आणि नंतर बरीच वर्षं कोषागारात, पेन्शन केसेस हेच रोजचं खाणं होतं. आणि मला स्वतःला जुनी पेन्शन मिळते. तेव्हा मी जे काही बोलतोय त्यातून जे वजा करायचं ते करून वाचा.

पहिली गडबड इथे होते की लोक 'सरकारी पेन्शन' म्हणून भांडतात तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी पेन्शन असते. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी राज्यात लागलेल्यांना (केंद्रात १ जानेवारी २००४ च्या आधी) जुनी पेन्शन आहे, म्हणजे शेवटच्या बेसिकच्या निम्मी, वर महागाई भत्ता. त्यानंतर लागलेल्यांना एनपीएस, आणि आता यूपीएसचा पर्याय. कंपनीत पीएफ कापला जातो त्यांना ईपीएस-९५, ज्याची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, आणि ज्यात पगार १५,००० च्या वर कितीही असला तरी हिशोब बहुतेकांचा १५,००० वरच होतो, ३५ वर्षं नोकरी केली तरी १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, म्हणजे साडेसात हजार. आणि सगळ्यात खाली ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन, ज्यात ६० ते ७९ वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे, हो दोनशेच, आणि ८० नंतर ५००. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत राज्य आपले पैसे घालून ते १,५०० पर्यंत नेतं. ह्या चारही गोष्टींना एकच औषध लागू पडणार नाही, आणि 'बंद करा' म्हणणारा बहुतेक वेळा पहिलीवर चिडलेला असतो, ती तर २० वर्षांपूर्वीच नव्या लोकांसाठी बंद झालीय.

आता जुनी पेन्शन चालते कशी ते बघा, कारण ती घेणाऱ्यांतल्याच निम्म्या लोकांना ते माहीत नसतं. भरपूर लोकांचा समज असा की आपल्या पगारातून कापलेले पैसे साठतात आणि त्यातून पेन्शन येते. तसं काही नाही. पगारातून कापला जायचा तो जीपीएफ, म्हणजे सरकारी नोकरांचा पीएफ, तो तुमचाच, तो रिटायर होताना व्याजासकट परत मिळतो. पेन्शनसाठी एक रुपया कुठे बाजूला पडलेला नसतो. कुठला फंड नाही, कुठली तिजोरी नाही. तुमचं सेवापुस्तक तपासून, वेतन पडताळणी करून, ना-देय दाखला जोडून केस महालेखापालांकडे जाते, तिकडून पीपीओ म्हणजे पेन्शन द्यायचा आदेश येतो, आणि त्या महिन्यापासून त्या वर्षीच्या बजेटमधून, म्हणजे त्या वर्षी गोळा झालेल्या टॅक्समधून आणि काढलेल्या कर्जातून, तुमची पेन्शन निघते. ज्या सरकारने तुम्हाला नोकरीला लावलं त्याने काहीच साठवलं नाही, जे सरकार तुम्ही रिटायर होताना असेल त्याने भरायचं. दुकानदाराकडे उधारीची वही असते ना तशी ही वही आहे, फक्त ह्यात माल बापाने नेला आणि पैसे नातवाने द्यायचे, आणि वहीत एकूण आकडा किती झालाय ते कोणीच कधी बेरीज करून लिहीत नाही.

म्हणून पेन्शन ही काही सरकारची मेहेरबानी होती असंही नाही हां. १७ डिसेंबर १९८२ चा नकारा केसचा सुप्रीम कोर्टाचा निकाल, यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असतानाचा, त्यात स्पष्ट म्हटलंय की पेन्शन ही बक्षिसी नाही, केलेल्या नोकरीचा मोबदला आहे, म्हणून तर १७ डिसेंबरला पेन्शनर्स डे करतात. तेव्हा ज्यांना शब्द दिलाय त्यांची पेन्शन मधेच बंद करणं हे कायद्यानेही होणार नाही आणि करूही नये. माणसाने कमी पगारावर तीस वर्षं काढली ती ह्या भरवशावर. (आता पगार कमी नाही राहिला हे मान्य, पण १९८५ साली तलाठी म्हणून लागलेल्या माणसाला विचारा.)

मग नव्यांसाठी २००४-०५ ला जे झालं ते चूक होतं का? माझ्या मते दिशा बरोबर होती, अंमलबजावणी भिकार होती. केंद्राने २२ डिसेंबर २००३ ला नोटिफिकेशन काढलं, राज्याने ३१ ऑक्टोबर २००५ ला जीआर काढला आणि दुसऱ्या दिवसापासून लागू. बेसिक आणि महागाई भत्त्यावर कर्मचाऱ्याचे १०%, सरकारचे १०%, पुढे २०१९ ला सरकारचे १४% झाले. पैसे बाजारात गुंतवायचे, साठीला जे जमेल त्यातले ६०% हातात, ४०% ची ॲन्युइटी घ्यायची म्हणजे विमा कंपनी महिन्याला ठरावीक रक्कम देते. कागदावर छान. पण महाराष्ट्रात पहिली बरीच वर्षं ही डीसीपीएस नावाने चालली आणि पैसे बाजारात गेलेच नाहीत, सरकारी खात्यातच पडून होते, २०१४-१५ च्या सुमारास मग एनपीएसकडे वळवायला सुरुवात झाली. त्यातही जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचं तर विचारूच नका. मी एका जिल्हा परिषदेत बघितलंय, गुरुजींच्या पगारातून कपात व्यवस्थित होतेय, पण एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात बदली झाली की मागच्या पंचायत समितीतल्या कपातीचा मेळच लागत नाही, हिशोबाच्या चिठ्ठ्या आल्या तर वर्षानुवर्षं उशिरा, त्यात कुणाचे सहा महिने गायब, कुणाच्या नावावर दुसऱ्याचेच पैसे, आणि सरकारी हिस्सा जमा झाला की नाही हे सांगणारा कोणी नाही. बाबू म्हणतो वरून आलं नाही, वरचा म्हणतो खालून शेड्यूल (कपातीची यादी) आलं नाही. ज्या योजनेचा सगळा पाया 'लवकर गुंतवा, चक्रवाढ होऊ द्या' हा आहे तिच्यात पैसे मधेच कुठेतरी लटकून राहिले तर नुकसान कोणाचं? ते नुकसान कुठल्या अधिकाऱ्याच्या खिशातून भरून निघालं नाही.

आणि दुसरी गोष्ट जिच्यामुळे खरी आग लागली ती म्हणजे नोकरीत असताना मेलेल्यांची कुटुंबं. जुन्या नियमात नवरा ड्युटीवर असताना गेला तर बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन लगेच सुरू. डीसीपीएसवाला गेला तर? केंद्राने २००९ मध्येच तात्पुरती सोय म्हणून अशा कुटुंबांना जुन्या नियमाने पेन्शन द्यायला सुरुवात केली होती, आपल्या राज्याने ते केलं मार्च २०२३ च्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपानंतर, म्हणजे योजना सुरू झाल्यावर सतरा वर्षांनी. मधल्या काळातल्या विधवा ऑफिसात यायच्या, पोरगं कडेवर, हातात नवऱ्याचा नेमणुकीचा आदेश आणि मृत्यूचा दाखला, आणि त्यांना सांगावं लागायचं की ताई, साहेबांच्या खात्यात जे लाख-दीड लाख जमलेत ते मिळतील, महिन्याचं काही नाही. त्याच टेबलावर शेजारच्या फाईलमधल्या बाईला, जिचा नवरा सहा महिने आधी लागला होता, तिला महिन्याला पेन्शन. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा कुठल्या पुढाऱ्याच्या भाषणातून नाही आली, ती ह्या फाईलींतून आली.

आता आकड्यांवर येऊ, कारण दोन्ही बाजू आकडे अर्धेच सांगतात. समजा एक जण २००६ ला लागला, १८ वर्षांनी रिटायर झाला, शेवटचं बेसिक ६०,०००. जुन्या नियमाच्या फॉर्म्युल्याने त्याला ३०,००० बसले असते, आणि भत्ता ५०% धरला तर ४५,०००. त्याच्या एनपीएसमध्ये समजा ३२ लाख जमले. त्यातल्या ४०% ची म्हणजे १२ लाख ८० हजारांची ॲन्युइटी, साडेसहा टक्क्याने धरा, महिन्याला सातेक हजार. झालं, संघटनेच्या बॅनरवर छापून येतं ४५,००० विरुद्ध ७,०००. पण अहो त्याच्या हातात १९ लाख रोख आलेत ते कुठे गेले तुमच्या गणितातून? ते सगळे पण त्याच दराने लावले तर एकूण सतरा हजारांच्या आसपास होतं, शिवाय मूळ रक्कम वारसाला परत मिळणारी ॲन्युइटी घेतली तर पोरांना ते पैसे मिळतात, जुन्या पेन्शनमध्ये माणूस आणि त्याची बायको गेली की बहुतेक वेळा शून्य. म्हणजे खरी तुलना सतरा विरुद्ध पंचेचाळीस. तरीही फरक मोठाच आहे, आणि त्याहून मोठा फरक हा की सतरा हजार वीस वर्षांनीही सतराच राहणार, पंचेचाळीस दर जानेवारी-जुलैला वाढत जाणार आणि वेतन आयोग आला की एकदम उडी मारणार, सातव्या आयोगात जुन्या पेन्शनला सरळ २.५७ ने गुणलं होतं.

आणि आता हाच आकडा उलटा धरून बघा. दरवर्षी भत्त्याने वाढणारी ४५,००० ची पेन्शन, त्याच्या मागे बायकोला, हे बाजारात विकत घ्यायचं म्हटलं तर आज एक कोटीहून जास्तच रक्कम बाजूला असावी लागेल. ३२ लाख जमलेत आणि वचन कोटीचं. हा मधला फरक कोणीतरी भरायचाय. एवढाच सगळा वाद आहे खरं तर, कोणी भरायचा आणि कधी.

मग राज्य सरकारं जुनी पेन्शन परत का आणतात? २०२२ मध्ये राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, मग हिमाचल. लोक म्हणतात मतांसाठी. मतं तर आहेतच, आपल्याकडे डिसेंबर २०२२ ला नागपूर अधिवेशनात सांगितलं गेलं की जुनी पेन्शन दिली तर एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल, फेब्रुवारीत नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपच्या पाठिंब्याचा उमेदवार पडला आणि त्यानंतर सगळ्यांचे सूर बदललेले आपण ऐकलेच. पण लेखा विभागात बसलेल्या माणसाला एक वेगळीच गोष्ट दिसते जी पेपरात कमी येते. जुनी पेन्शन परत आणली की आजच्या सरकारचा खर्च वाढत नाही, कमी होतो! कसा? एनपीएसमध्ये दर महिन्याला १४% रोख काढून बाहेर पाठवावे लागायचे, ते थांबतात. वर कर्मचाऱ्याचे जे १०% बाहेर जायचे त्याजागी आता जीपीएफ कापला जाणार, आणि जीपीएफ सरकारकडेच राहतो, म्हणजे सरकारला वापरायला पैसे आले. दोन्हीकडून फायदा. बिल येणार कधी, तर २००५ नंतरची मोठी भरती रिटायर व्हायला लागेल तेव्हा, २०३५-४० च्या पुढे, तेव्हा आजचे मंत्री कुठे असतील? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या बुलेटिनमधल्या लेखात हिशोब मांडलाय की सगळी राज्यं जुन्यावर परतली तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचारपट पर्यंत जाऊ शकतो. पण ते 'एकूण', आणि निवडणूक पाच वर्षांनी.

हिमाचलचं उदाहरण मी संघटनेच्या मित्रांना मुद्दाम देतो, त्यांना आवडत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या राज्यात पगार ५ तारखेला आणि पेन्शन १० तारखेला दिली गेली, पैशाचा मेळ बसवण्यासाठी. दहा दिवसांनी काय बिघडतं म्हणाल, पण ज्याच्या बीपीच्या गोळ्या एक तारखेवर असतात त्याला विचारा. मला म्हणायचंय एवढंच की हमी सरकारची आहे म्हणून ती पक्की, हे समीकरण तिजोरीत पैसे असेपर्यंतच खरं असतं.

बरं, आता विचारणाऱ्याच्या मूळ मुद्द्यावर, बंदच करून टाका. करून बघा गणित. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे शेवटच्या महिन्यात, बावीस वर्षांचा एक मुलगा लागला. तो २०४१ ला ५८ वर्षांचा होऊन रिटायर होणार. पंच्याऐंशीपर्यंत जगला तर २०६८. त्याची बायको पाच वर्षांनी लहान असेल तर कुटुंब निवृत्तिवेतन आणखी पुढे, २०७० च्या दशकात. म्हणजे जी योजना आपण २००५ ला 'बंद' केली ती प्रत्यक्षात बंद व्हायला सत्तर वर्षं लागतात, आणि ह्या सगळ्या काळात सरकार जुन्यांची पेन्शनही भरतंय आणि नव्यांचा हिस्साही. सुरुवातीची तीस-पस्तीस वर्षं खर्च वाढतो. हा दुहेरी खर्चाचा डोंगर कोणी सांगितलाच नाही लोकांना, म्हणून मधेच दम सुटतो आणि मागे फिरावंसं वाटतं. आता एनपीएसही बंद करा म्हटलं तर अजून एक थर, पुन्हा तेच.

आणि एसआयपी करा म्हणणं सोपं आहे. ३५ वर्षांच्या माणसाला एसआयपी उत्तम आहे, मीही पोरांना तेच सांगतो. पण म्हातारपणाचा प्रश्न 'पैसे किती जमले' हा नाहीच मुळी, प्रश्न आहे 'मी किती जगणार' हा, आणि त्याचं उत्तर कोणाकडेच नाही. ७२ ला गेलात तर पैसे उरले, ९३ पर्यंत राहिलात तर शेवटची दहा वर्षं मुलाच्या तोंडाकडे बघायचं. हा धोका एकट्याने उचलायचा तर गरजेपेक्षा दुप्पट साठवावं लागतं, लाखो लोकांनी मिळून उचलला तर सरासरीवर भागतं. त्यात रिटायर व्हायचं वर्ष २००८ सारखं, बाजार कोसळलेलं, निघालं तर बोंबला. आणि एक अनुभवाचं बोलू का, हातात आलेली मोठी रक्कम हातात राहत नाही. पेन्शनचा काही हिस्सा विकून (अंशराशीकरण हो, म्हणजे तो सोडून एकरकमी पैसे घ्यायचे, आम्ही विक्रीच म्हणतो) आलेले पैसे, ग्रॅच्युइटी, जीपीएफ, सगळं मिळून वर्षभरात मुलाच्या फ्लॅटच्या डाऊन पेमेंटमध्ये गेलेलं मी इतक्यांचं बघितलंय की विचारू नका, आणि मग त्याच फ्लॅटमध्ये बापाला हॉलमध्ये झोपायला लागतं. महिन्याची पेन्शन बायकोमुलांना एकदम मागता येत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे.

बाहेरच्या देशातही हे करून झालंय. चिलीने १९८१ मध्ये सरकारी पेन्शन मोडून नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना खाजगी खात्यांत ढकललं, जगभर गाजावाजा झाला. पण त्यात गंमत अशी की ज्या लष्करी राजवटीने हे केलं तिने लष्कराला आणि पोलिसांना मात्र जुन्याच पेन्शनवर ठेवलं. आणि २००८ मध्ये तिथल्या सरकारला टॅक्सच्या पैशातून गरिबांसाठी पुन्हा पेन्शनचा आधार उभा करावाच लागला, कारण ज्यांची नोकरी सलग नव्हती, बायका, शेतमजूर, हातावर पोट असलेले, त्यांच्या खात्यात काही जमलंच नव्हतं. आपल्याकडे तर तशा लोकांचीच संख्या जास्त. आणि हो, आपल्याकडेही सैन्यदलं एनपीएसच्या बाहेर आहेत आणि आमदार-खासदारही. सैनिकाचं मी समजू शकतो, तो पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पण एका टर्मवर जन्मभर पेन्शन घेणारे लोकप्रतिनिधी जेव्हा शिक्षकाला बाजाराची शिस्त शिकवतात तेव्हा माझ्यासारखा एनपीएसच्या बाजूने बोलणारा माणूसही वाद हरतो.

मग यूपीएस. एप्रिल २०२३ ला केंद्राने एनपीएसचा फेरविचार करायला सोमनाथन समिती नेमली, २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या कॅबिनेटने मंजूर केलं, १ एप्रिल २०२५ पासून लागू. आपल्या राज्यानेही संपानंतर समिती नेमली होती, १ मार्च २०२४ ला सुधारित योजना विधानसभेत जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये यूपीएस स्वीकारायचं ठरवणारं पहिलं राज्य झालं. त्यात काय आहे तर २५ वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५०%, वर महागाई भत्ता, माघारी जोडीदाराला ६०%, दहा वर्षं झाली असतील तर किमान १०,०००. कर्मचाऱ्याचे १०%, सरकारचे १८.५%, त्यातले १० त्याच्या खात्यावर आणि साडेआठ एका सामाईक पूलमध्ये, ज्यातून हमी आणि जमा ह्यातला फरक भरायचा. मला हे जुन्या पेन्शनपेक्षा आणि एनपीएसपेक्षा, दोन्हींपेक्षा, तत्त्व म्हणून बरं वाटतं. कारण वचन दिलंय आणि वचन देतानाच पैसे बाजूला काढलेत. गंमत म्हणजे हे सुचायला २०२४ उजाडायची गरज नव्हती, कर्नाटकचे माजी मुख्य सचिव भट्टाचार्य ह्यांच्या गटाने २००२ मध्येच असा मधला मार्ग सुचवला होता, थोडी हमी थोडं जमा, तेव्हा कोणी ऐकलं नाही.

पण कर्मचारी यूपीएसकडे धावले का? नाही. पर्याय द्यायची मुदत ३० जून २०२५ होती ती सप्टेंबर, मग नोव्हेंबर अशी ढकलावी लागली. कारणं साधी आहेत. एक, तुमच्या खात्यात जमलेली रक्कम पूलला जाते, म्हणजे हमी घेतली तर पोतडी सोडायची. ६०% काढायची मुभा आहे पण मग महिन्याची रक्कम त्या प्रमाणात घटते. दोन, २५ वर्षं. केंद्राच्या जुन्या नियमात वयोमानाने रिटायर होणाऱ्याला १० वर्षांवरच पूर्ण पेन्शन होती. इथे २० वर्षं झालेल्याला ४०% मिळणार, उशिरा लागलेल्यांना हे टोचतं, आणि स्पर्धा परीक्षा देत देत छत्तीस-अडतिसाव्या वर्षी लागणारे कमी नाहीत. तीन, २५ वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन लगेच नाही, ज्या दिवशी एरवी रिटायर झाला असता त्या दिवसापासून. आणि राजीनामा दिला तर हमीच नाही. चार, जी गोष्ट कोणी उघड बोलत नाही पण कॅन्टीनमध्ये सगळे बोलतात, की थांबा, पुढच्या निवडणुकीत जुनी येईल, कशाला आत्ता सही करता.

माझं विचाराल तर मी काय करीन. जुनी पेन्शन नव्यांसाठी परत नाही आणणार, कुठल्याही परिस्थितीत नाही. हमी ठेवीन, ५०% का ४५% ह्यावर घासाघीस करता येईल, पण तिच्या मागचा पूल कायद्याने वेगळा करीन, सरकारला तिथून एक पैसा उसना घेता येणार नाही असा, आणि दर तीन वर्षांनी ॲक्च्युअरीकडून (आयुर्मान आणि जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ) हिशोब करून बजेटच्या पुस्तकात छापायला लावीन की आज दिलेल्या वचनांची किंमत एवढी, बाजूला एवढे, तूट एवढी. आमदार-खासदारांची पेन्शन ह्याच योजनेत, ह्याच फॉर्म्युल्याने, जितकी वर्षं काम तितका हिस्सा. विनाअनुदानित-अंशतः अनुदानित शाळांतले जे लोक २००५ आधी लागले पण अनुदान नंतर आलं म्हणून वीस वर्षं कोर्टात खेटे घालतायत त्यांचं एकदाचं मिटवून टाकीन, सरकारने फेब्रुवारी २०२४ ला २००५ आधीच्या जाहिरातीवाल्यांना पर्याय दिलाच ना, मग ह्यांनी काय घोडं मारलंय.

आणि खरं सांगू, सरकारी पेन्शनवर जेवढी शाई खर्च होते त्याच्या दशांश त्या २०० रुपयांवर झाली असती तरी बरं झालं असतं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी कोषागारात रांग लागते, आता जीवन प्रमाणमुळे मोबाईलवर पण होतो, पण म्हाताऱ्या माणसांचे अंगठ्याचे ठसे घासलेले असतात, चार-चारदा बोट ठेवूनही मशीन घेत नाही, तरी आमचे लोक खुर्ची देतात, चहा विचारतात, कारण रांगेतले सगळे एकेकाळचे साहेब. तहसीलच्या आवारात श्रावणबाळवाल्यांची रांग बघा, तिथे खुर्ची नसते. आपल्या ह्या भांडणात त्यांची संघटना नाही, संप नाही, मतदारसंघ नाही. त्या २०० चा आकडा २००७ पासून हललेला नाही, आमच्या भत्त्याचा वर्षातून दोनदा हलतो. निदान त्यांचा आकडा महागाईला बांधा, ईपीएसची १,००० ची किमान पण बांधा. पैसे कुठून आणायचे म्हणाल तर वेतन आयोगाच्या वेळी माझ्यासारख्यांच्या पेन्शनीला जी उडी मिळते ती थोडी कमी करा, वरच्या पेन्शनवाल्यांची जास्त कमी करा. हे लिहिलं म्हणून मला पेन्शनर संघटनेच्या पुढच्या मीटिंगला शिव्या बसणारेत, बसू देत.

आता बहिणीचं. नव्याने लागलेल्याला यूपीएससाठी पर्याय रुजू झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो, नाही दिला तर आपोआप एनपीएस, तेव्हा आधी तारीख बघा. ती पंचविशीत लागली असेल, साठीपर्यंत तिथेच राहणार असेल आणि शेअर बाजार खाली आला की झोप उडणारी असेल तर यूपीएस घे म्हणावं. पुढे विचार बदलला तर एकदा, आणि एकदाच, एनपीएसकडे जाता येतं, रिटायरमेंटच्या एक वर्ष आधीपर्यंत, म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण पाच-सात वर्षांनी राजीनामा देऊन दुसरीकडे जायचा जरासाही विचार असेल, किंवा जमलेली रक्कम मुलांना मागे ठेवायची हौस असेल, तर एनपीएसच ठीक, आणि मग त्यात नुसती डिफॉल्ट स्कीम ठेवून बसू नये, तिच्यात इक्विटी म्हणजे शेअर्सचा वाटा कमीच असतो, तरुण वयात लाइफ सायकलचा पर्याय घ्यावा, ज्यात वय वाढेल तसा शेअर्सचा वाटा आपोआप कमी होत जातो. काहीही घेतलं तरी नॉमिनेशन पहिल्याच आठवड्यात भरायचं, लग्न झाल्यावर बदलायचं, दर एप्रिलला खात्याचं स्टेटमेंट काढून बारा महिन्यांची कपात आणि बारा महिन्यांचा सरकारी हिस्सा दोन्ही आलेत का ते मोजायचं, आणि सेवापुस्तकाची एक झेरॉक्स स्वतःच्या घरी ठेवायची, प्रत्येक बदलीनंतर नवीन.